गडी कमी पडले, तर सावड करा

जत्रेच्या दोन दिवस आधीपासून रिक्षावर भोंगा लावून गावोगाव पुकारा होतो. कबड्डीचे भव्य खुले सामने, पहिले बक्षीस इतके, दुसरे इतके, प्रवेश फी इतकी. मैदानातले खडे वेचलेले असतात, फक्की मारून रेषा आखलेल्या असतात, हॅलोजन लागलेले असतात, तालुक्याहून पंच आलेले असतात. आणि रात्री आठच्या सुमाराला ध्वनिक्षेपकावर एकच वाक्य घोळायला लागते, "अमुक गावचा संघ असेल तिथून मैदानाकडे यावा, ही शेवटची सूचना." संघ काही येत नाही. हजर संघाला 'पुढे चाल' मिळते. त्याच्या पुढच्या सामन्याला एका बाजूने पाचच पोरं उभी राहतात. दोन गडी कमी म्हणून पुन्हा 'पुढे चाल'. दहा वाजेपर्यंत निम्मे मैदान रिकामे होते आणि माणसे ऑर्केस्ट्राच्या मंडपाकडे वळतात.

असे झाले की गावातली जाणती मंडळी एकच निदान करतात. पोरांना मोबाईलने खाल्ले, अंगात रग राहिली नाही, आमच्या वेळी असे नव्हते. हे निदान सोपे आहे, पण ते अर्धवट आहे असे मला वाटते. गावातल्या अठरा ते तीस वयाच्या पोरांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो आज कुठे आहे ते लिहावे. कुणी चाकणच्या नाही तर रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर आहे. कुणी पोलीस भरतीसाठी तालुक्याला खोली करून राहिलेला. कुणी ट्रॅक्टर घेऊन ऊसवाहतुकीला गेलेला. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतल्या गावांत तर दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कोयते घेऊन निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. आणि आपले बहुतेक सामने याच थंडीच्या दिवसांत. मग संघ जमणार कसा? गावात उरलेली पोरं खेळायला तयार नाहीत असे नाही. ती साताच्या आकड्यापर्यंत पोचत नाहीत, एवढेच.

गंमत अशी की कबड्डीत खेळाडूला आपण 'गडी' म्हणतो आणि शेतावर कामाला लागतो त्यालाही गडीच म्हणतो. शेतातल्या गड्यांची टंचाई शेतकऱ्याला नवी नाही. पेरणीला माणूस मिळाला नाही म्हणून कुणी रान पडीक टाकत नाही. माझा एक बैल, तुझा एक बैल, आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. याला आपण सावड म्हणतो. काम मोठे असेल तर इर्जिक घालतो, भाकरी-कोरड्यास देतो आणि दिवसात रान उरकतो. बापजाद्यांपासून चालत आलेली ही तोड शेतात सुचते, मैदानात मात्र सुचत नाही. तिथे दोन गडी कमी पडले की आपण सरळ सामना सोडून देतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, गडी कमी पडले तर खेळातही सावड करावी. सामना रद्द करू नये.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. रग्बी नावाचा खेळ आहे. अंडाकृती चेंडू काखेत मारून पळायचे आणि समोरच्याने धरून पाडायचे, बरीचशी आपल्या पकडीसारखीच रीत. पण त्यात एका बाजूला पंधरा गडी लागतात, म्हणजे आपल्या दुपटीहून एक जास्त. इंग्लंड, आयर्लंड, न्यूझीलंड या देशांत शेतकऱ्यांच्या गावांचे हौशी संघ हा खेळ खेळतात आणि शनिवारी पंधरा माणसे गोळा करता करता त्यांचीही तारांबळ उडते.

याच खेळातला एक जुना दाखला आपल्या देशातला आहे. १८७२ च्या नाताळात कलकत्त्याच्या इंग्रजांनी रग्बीचा सामना भरवला आणि १८७३ च्या जानेवारीत तिथे क्लब निघाला. पहिल्या वर्षी जोर होता. पण संघात भरणा होता तो पलटणीतल्या माणसांचा. १८७६ मध्ये पलटण तिथून हलली, मागे राहिलेले साहेब पोलो आणि टेनिसकडे वळले आणि क्लबला माणसे मिळेनाशी झाली. (सभासदांना दारू फुकट मिळायची, ती बंद झाल्यावर गर्दी आणखी ओसरली, असेही सांगतात. वर्गणीच्या मंडळांनी याचा काय तो बोध घ्यावा.) शेवटी त्यांनी क्लब मोडला, बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवून एक चषक घडवला आणि १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. नागाच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या कलकत्ता चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजतागायत झुंजतात. चषक जगप्रसिद्ध झाला, पण ज्या क्लबने तो दिला तो गडी नाहीत म्हणून बुडाला. बाहेरून आलेल्या माणसांवर उभारलेला संघ ती माणसे गेली की कसा बसतो, ते यात दिसते.

उलट गोष्ट स्कॉटलंडमधल्या मेलरोझ या छोट्या गावाची. १८८३ मध्ये तिथल्या क्लबला पैशाची चणचण होती. सामने भरवून पैसे उभे करायचे ठरले, पण पंधरा-पंधरा गड्यांचे इतके सामने एका दुपारी होणार कसे? तेव्हा नेड हेग नावाच्या खाटकाचा व्यवसाय करणाऱ्या खेळाडूने सुचवले की गडी सातच ठेवा आणि वेळही कमी करा. एका गावाची ही तडजोड पुढे जगभर गेली, इतकी की २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जो रग्बी खेळला गेला तो हाच सात गड्यांचा. अलीकडे इंग्लंडच्या संघटनेने खालच्या पातळीवरच्या सामन्यांसाठी तर धोरणच केले आहे. दोन्ही बाजूंच्या प्रमुखांनी सामन्याआधी एकत्र बसायचे, गडी किती, वेळ किती, राखीव गडी कसे बदलायचे ते आपसात ठरवायचे, पण खेळायचेच. पंधरा नसतील तर दहा-दहा. माणसे दोन तास गाडी चालवून आली आहेत, त्यांना न खेळवता परत पाठवायचे नाही.

आता आपल्या कबड्डीकडे येऊ. नियमाने संघात बारा गडी, मैदानात सात, राखीव पाच. बारा तर सोडाच, सात जमले तरी पुष्कळ अशी अनेक गावांची गत आहे. पण कबड्डीच्या नियमांतही कमी गड्यांनी सामना सुरू करायची वाट आहे. गैरहजर गडी नंतर येऊन मिळू शकतो. मात्र हजर असलेले सगळे बाद झाले की गैरहजर गडीही बाद धरून लोण चढते. शिवाय या खेळाची घडणच अशी आहे की कमी पडलेल्या बाजूला तो थोडा हात देतो. सहा किंवा सात गडी मैदानात असतील तरच चढाईवाल्याला बोनस रेषेचा गुण मिळतो. तिघे किंवा त्याहून कमी उरले असताना त्यांनी पकड केली तर जास्तीचा एक गुण मिळतो. टीव्हीवर २०१४ पासून प्रो कबड्डी पाहणाऱ्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. म्हणजे पाच गडी घेऊन उभा राहणारा संघ हरेल कदाचित, पण त्याची फजिती होईलच असे नाही.

गावपातळीवर याहून एक पाऊल पुढे जायला हरकत नाही. एका बाजूला पाचच असतील तर दोन्ही बाजूंनी पाच-पाच खेळवावेत. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे असते, ते पाच जणांना मोठे पडते, कोपरे मोकळे राहतात आणि चढाईवाला सहज सुटतो. त्यासाठी महिलांचे १२ बाय ८ मीटरचे मैदान वापरावे. रेषा फक्कीच्या असतात, दगडावर कोरलेल्या नसतात, दहा मिनिटांत नव्या मारता येतात. बोनस सहा गड्यांवर अवलंबून असल्याने पाचांत तो मिळणारच नाही, तेव्हा तो काढून टाकावा नाही तर चारांवर आणावा. जास्तीच्या गुणाची पकड तीनऐवजी दोनांवर ठेवावी. हे सगळे नाणेफेकीच्या आधी पंचांसमोर ठरवून गुणपत्रकावर लिहावे. मागाहून वाद नको. जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीत हे चालणार नाही, हे उघड आहे. पण जत्रेतल्या नारळाच्या आणि ढालीच्या सामन्यांना कोण अडवतो?

दुसरी तोड उसन्या गड्यांची. समोरच्या गावाने दहा आणलेत, आपण सहा आहोत. त्यांनी एक राखीव गडी आपल्याला द्यावा. तो बाकावर बसून शेंगा फोडण्यापेक्षा चार चढाया करील. "तो मुद्दाम बाद होईल," अशी शंका लगेच निघते. निघू द्या. चारशे माणसांसमोर मुद्दाम बाद होणारा गडी मला तरी अजून दिसायचा आहे. उलट उसना गेलेला पोरगा आपल्याच संघाला दाखवायला जास्त ईर्ष्येने खेळतो. पुढच्या वर्षी त्यांचे दोन कमी पडतील तेव्हा आपण द्यायचे. सावड म्हणजे दुसरे काय असते?

पण उसना गडी वेगळा आणि भाड्याचा वेगळा. बक्षिसाच्या रकमा वाढल्यापासून बाहेरचे तयार गडी पैसे देऊन आणायची चाल पडली आहे. सातांत चार पाहुणे, तीन गाववाले. सामना जिंकतो, ढाल ग्रामपंचायतीच्या कपाटात येते, फोटो छापून येतो. आणि गावातली जी चार पोरं वर्षभर मैदानावर घाम गाळत होती ती कडेला उभी राहून टाळ्या वाजवतात. पुढच्या हिवाळ्यात ती मैदानावर दिसत नाहीत. मग आणखी दोन पाहुणे आणावे लागतात. कलकत्त्याच्या क्लबची पलटण हीच. पुढाऱ्यांना हे आवडणार नाही, पण माझ्या मते स्थानिक गड्यांची किमान संख्या स्पर्धेच्या पत्रकातच छापली पाहिजे.

ज्या वाडी-वस्तीत चारच पोरं उरली आहेत तिथे उसनवारीने भागत नाही. त्यांनी शेजारच्या गावाशी मिळून एक संघ करावा. यावर पहिला प्रश्न येतो तो नावाचा. बनियनवर नाव कुणाचे? ग्रामदैवत कुणाचे? मी म्हणतो, लोकसंख्या कमी म्हणून दोन-तीन गावांची मिळून गट ग्रामपंचायत चालते ना? एकच कार्यालय, एकच शिक्का, एकच सरपंच, आणि ग्रामसेवक भाऊसाहेबही एकच. (२०२४ पासून त्यांच्या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, पण लोकांच्या तोंडी भाऊसाहेबच राहतील.) घरपट्टी आणि पाणीपट्टी एकत्र भरता येते, तर चढाई एकत्र का करता येऊ नये? पुढे एका गावाचे नाव, पाठीवर दुसऱ्याचे, आणि दरवर्षी आलटून पालटून. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत त्यांच्या देशी फुटबॉलच्या बाबतीत हेच होते. पोरं शहराकडे आणि परदेशात गेली म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर असलेली गावे मुलांचे संघ एकत्र करून उतरवतात. वैर शाबूत ठेवून खेळायला कुणी नसण्यापेक्षा ते बरे.

मुलींच्या सामन्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे सामना नव्हे, गटच्या गट रद्द होतो. पत्रकात मोठ्या अक्षरात 'महिला गट' छापलेला असतो. खाली बारीक अक्षरात 'किमान चार संघ आल्यास' असे लिहिलेले असते. तीन संघ येतात. आयोजक म्हणतात, गट होत नाही, प्रवेश फी परत घ्या. त्या मुली कुठून कुठून आलेल्या असतात. एसटीच्या वेळा बघून, घरी परवानगी काढून, एखाद्या शिक्षिकेच्या नाही तर आईच्या सोबतीने. परत गेल्यावर घरात पहिला प्रश्न येतो, "खेळच झाला नाही, मग गेलात कशाला?" दुसऱ्यांदा परवानगी मिळत नाही. दहावीनंतर शाळा सुटते, काहींची लग्ने होतात, तेव्हा मुलींच्या संघाला गडी मिळणे मुळातच अवघड. त्यात आपण तीनच आले म्हणून परत पाठवतो.

वास्तविक तीन संघ ही काही अडचण नाही. बाद पद्धतीने खेळवले तर एकाला पुढे चाल आणि मिळून सामने दोनच. तेच साखळीने खेळवले तर पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला असे तीन सामने होतात आणि वरच्या दोघींची अंतिम झुंज धरली तर चार. प्रत्येक संघाला किमान दोनदा खेळायला मिळते. पूर्ण वेळेचे दोन डाव जड वाटले तर दहा-दहा मिनिटांचे करावेत. पुरुषांचे सामने सुरू व्हायच्या आधी, उजेडातच, सगळा गट दोन तासांत उरकतो आणि मुलींना शेवटची गाडी मिळते. दोनच संघ आले तर? मग तीन सामन्यांची मालिका खेळवा. एकच संघ आला तर त्यातल्या बारा जणींचे सहा-सहा करून प्रदर्शनी सामना लावा. गावच्या मुली तो सामना बघतील आणि पुढच्या वर्षी गावचाही संघ निघायची शक्यता तयार होईल.

मात्र एका बाबतीत माझा ठाम विरोध आहे. आकडा भरायला नववीतले पोरगे मोठ्यांच्या खुल्या गटात उभे करायचे नाही. पन्नास किलोचे कोवळे पोर आणि ऐंशी किलोचा तयार गडी, साखळी तुटली की खालचे हाड जाते. कॉलरबोन मोडला की दवाखाना, प्लेट, कर्ज, आणि मंडळाचे पदाधिकारी चार दिवसांनी फोन उचलत नाहीत. रग्बीत दोन्ही फळ्या एकमेकींना खांदे भिडवून रेटतात, त्यात मान मोडण्याची भीती असते. म्हणून पुढच्या फळीत शिकलेले गडी नसतील तर पंच सामना थांबवत नाहीत, पण रेटारेटी बंद करतात आणि नुसते खांदे टेकवून खेळ पुढे नेतात. आपणही खेळ चालू ठेवावा आणि धोका काढून टाकावा. पाच-पाचचा सामना त्यासाठीच बरा.

सामना खरोखरच होणार नसेल तर तसे कळवायची रीत हवी. यात आपण फार ढिले आहोत. संघ येणार नाही हे आदल्या दिवशी दुपारीच ठाऊक असते, पण सांगायचे कुणी म्हणून सगळे गप्प. इकडे तीस किलोमीटरवरून दुसरा संघ टेम्पो ठरवून निघालेला असतो. डिझेल त्याच्या खिशातले, पोरांची हजेरी बुडालेली, पंचांचे मानधन आणि साठ माणसांचा स्वयंपाक आयोजकांच्या डोक्यावर. आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत एक फोन केला असता तर डाव पुन्हा लावता आला असता. कळवले त्याची प्रवेश फी परत, न कळवता गैरहजर राहिला त्याची जप्त, एवढा नियम पुरे. दंड, बंदी असले काही करू नये. एकदा बंदी घातलेला संघ पुन्हा उभा राहत नाही.

अवकाळी पावसाचेही तसेच. माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळून केलेले मैदान एका सरीत चिखल होते आणि लगेच स्पर्धा रद्दचा पुकारा होतो. दोन मोठ्या ताडपत्र्या मळणीच्या दिवसांत प्रत्येक घरात सापडतात. ढग आले की मैदान झाका आणि कडेने कुदळीने चर काढा. आणि राखीव दिवस पत्रकातच छापा.

सरपंच आणि भाऊसाहेबांनी हे वाचून "खेळाचे आमच्याकडे काय?" असे म्हणू नये. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ४५ खालच्या ग्रामसूचीत आखाडे आणि खेळाच्या जागा राखणे हेही ग्रामपंचायतीचेच काम आहे. आणि यात जमिनीचा प्रश्न आहे. मैदान दोन हिवाळे मोकळे राहिले की पहिल्यांदा एका कोपऱ्यात कडब्याची गंजी पडते. "कापणीपुरती ठेवलीय," असे सांगतात. मग शेजारी दावणीचे खुंटे येतात, मग चार पत्रे, मग विजेचे कनेक्शन आणि शेवटी नमुना आठला नोंद करायचा अर्ज. अतिक्रमण काढताना मोजणी, नोटिसा, कोर्ट, भावकीत वाकडेपणा, हे सगळे भाऊसाहेबांच्याच वाट्याला येते. रोज संध्याकाळी पाच पोरं दम घुमवत असतील तर त्या जागेवर गंजी टाकायची कुणाची छाती होत नाही. पाच गड्यांचा संघ राखणे हे मैदान राखण्याचे सगळ्यात स्वस्त साधन आहे.

राहता राहिल्या तारखा. पुण्या-मुंबईच्या स्पर्धा थंडीत होतात म्हणून आपल्याही थंडीतच व्हायला हव्यात असे नाही. ज्या गावची टोळी बाहेर जाते त्यांनी गुढीपाडव्यापासून मृग निघेपर्यंतचे दिवस धरावेत. ऊन असते खरे, पण सामने तसेही रात्रीच होतात. कोकणात चाकरमानी शिमग्याला येतात, तिथे तीच वेळ योग्य. कापसाच्या पट्ट्यात वेचणी आटोपल्यावर, ज्वारीच्या भागात मळणी झाल्यावर. गावात माणूस कधी असतो हे ज्याच्या त्याच्या पिकाला विचारावे, पंचांगाला नव्हे. आणि हे जानेवारीत ठरवून उपयोग नाही. टोळीची पोरं मुकादमाकडून उचल घेतात ती बहुधा पावसाळ्यात, तेव्हाच त्यांच्या जाण्या-येण्याचा अंदाज येतो. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर सामन्यांची तारीख हा विषय घालावा, कोण कोण गावात असेल त्याची यादी तिथेच करावी, आणि शेजारच्या दोन-तीन गावांच्या मंडळांना त्या दिवशी बोलावून घ्यावे, म्हणजे तारखा एकमेकांवर येणार नाहीत आणि उसने गडी कुणाकडून मिळतील तेही कळेल.